चार महिन्यांचा नियम

अक्का,

सकाळी अंघोळ झाली की अजून पाय आपोआप परसातल्या दगडाकडे वळतात. त्या दगडावर तू ओले केस पाठीवर सोडून बसलेली असायचीस आणि मी खालच्या पायरीवर. "आईक, आजचा नियम," असं म्हणून तू इकडेतिकडे बघायचीस, जणू काही पेरूच्या झाडालाही ते कळता कामा नये. आता मी पायरीवर बसते, थोडा वेळ दगडाकडे बघते आणि उठते. पुढे काय करायचं ते सुचत नाही.

तुला जाऊन एकवीस दिवस झाले. माणसं आली तशी गेली. बाबा गेल्या आठवड्यात साताऱ्याला परतले. मला "चल" म्हणाले, तेव्हा मी म्हणाले, "अक्का गेल्यावर मामांना एकटं कसं सोडू?" ते खरं होतं, पण तेवढंच खरं नव्हतं. इथे आष्ट्यात मला एक काम उरलं होतं. ते चार दिवसांपूर्वी झालं. ते झाल्यापासून मी इतकी दमले आहे की जिना चढताना मधेच बसावंसं वाटतं. म्हणून बसून हे लिहिते आहे.

मराठीत लिहिते आहे याचं तुला हसू येईल. आठवीत असताना पांचगणीच्या शाळेतून मी तुला एक पत्र पाठवलं होतं, इंग्रजीत. आमची पत्रं टपालात पडण्याआधी बाई वाचायच्या, म्हणून ती इंग्रजीतच लिहावी लागत. ते वाचून घ्यायला तू गावात कुणाकडेही गेली नाहीस. मे महिन्यात मी आले तेव्हा डाळीच्या डब्याखालून काढून माझ्या हातात दिलंस. "वाच, काय लिवलंयस." मी वाचून अर्थ सांगितला. मी मजेत आहे, अभ्यास चांगला चालला आहे, हवा छान आहे, तुमची सर्वांची आठवण येते.

"एवढंच? एवढ्यासाठी मी तीन म्हैनं जपलं व्हय?"

मी कागदाची परत घडी घातली.

"ह्यात खरं काय काय हाय?"

मी विचार करून म्हणाले, "हवा."

तू इतकी हसलीस की मामा बाहेरून विचारायला आले. मला आठवतं त्याप्रमाणे, मी खरं बोलले म्हणून कुणी खूश झालं असं ते पहिल्यांदाच घडलं होतं. त्यानंतर मी तुला खरी पत्रं लिहायला हवी होती. नाही लिहिली.

बी.ए.चा निकाल लागला आणि मी अंथरुणातून उठेनाशी झाले, ते तुला माहीत आहे. नापास झाले असते तर लोकांना कारण तरी मिळालं असतं. आईने माझ्या उशीखाली चिठ्ठ्या शोधल्या, पण कुणी मुलगा नव्हता. डॉक्टरांनी अशक्तपणा आहे असं सांगून लाल टॉनिक दिलं. मला काहीच झालं नव्हतं. उठायचं कशासाठी, एवढंच कळत नव्हतं. बाबांनी तुला लांबलचक पत्र लिहिलं आणि तुझं पोस्टकार्ड आलं, दोन ओळींचं: पोरीला पाठवून दे, हितं काम लय हाय.

दोन दिवस तू मला काही विचारलं नाहीस. कामही दिलं नाहीस. तिसऱ्या दिवशी सकाळी परसात हाक मारलीस.

"मडम, आज काय सोडतीस?"

"म्हणजे?"

"नियम. आज दिसभर काय सोडायचं?"

नियम घेणं काय असतं ते आपल्या जैन घरात वाढलेल्या मुलीला सांगावं लागत नाही. अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी नाही, चातुर्मासात कुणी गूळ सोडतं, कुणी एकच वेळ जेवतं. पण मी शाळेत राहून ते सगळं म्हाताऱ्या माणसांचं ठरवून टाकलं होतं. मी म्हणाले, "मला काही नकोच असतं अक्का. सोडू काय?"

तू जराही विचार केला नाहीस. "मग आज नको म्हणायचं सोड."

त्या दिवशी मी चार घरांत चहा प्याले. शेजारच्या काकूंच्या नव्या पारडीला नाव ठेवायला गेले. मामांच्या मागे हळदीच्या रानात बांधाबांधाने फिरले, पायांना फोड आले. दिवस मावळायच्या आत जेवायला बसले तेव्हा मला भूक लागली होती. किती महिन्यांनी, ते मी मोजलं नाही. तू ताटाकडे बघितलंस, माझ्याकडे नाही. ते तुझं मला फार आवडायचं.

तुझे नियम बाकीच्यांसारखे नसत. रोज एक, उगवतीला सुरू होऊन दुसऱ्या उगवतीला संपणारा. आज चप्पल नाही. आज कुणालाही काम दोनदा सांगायचं नाही, एकदाच सांगायचं. आज भेटेल त्या पहिल्या माणसाला तोंडावर चांगलं म्हणायचं. त्या दिवशी नेमका तो भांडखोर कासार भेटला आणि तू त्याच्या बैलाचं कौतुक करून वेळ मारून नेलीस. "बैल बी त्याचाच न्हवं?" असं वर मलाच विचारलंस. आज ह्यांना उलट बोलायचं नाही, हा नियम तू वर्षभरात कितीतरी वेळा घेतलास आणि एकदाही नऊच्या पुढे टिकला नाही. मोडला की दुसऱ्या दिवशी परत तोच. रागावणं नाही, रडणं नाही. "मोडला तर मोडला, परत जोडायचा. मडकं हाय व्हय ते?"

नियम एकाच माणसाला सांगायचा आणि त्या माणसाने तो कुणाला सांगायचा नाही, ही तुझी पद्धत. मन लबाड असतं, कुणालाच सांगितलं नाही तर ते पळवाट काढतं; चारचौघांना सांगितलं तर मिरवतं. मी यायच्या आधी तू कुणाला सांगायचीस, असं मी विचारलं होतं.

"हिरीला."

"विहिरीला?"

"वाकून सांगायची. पण ती घुमती गं. तू बरी. तुझ्या पोटात गेलेलं भाईर येत न्हाई."

तेव्हा मला ते बक्षीस मिळाल्यासारखं वाटलं होतं. आता ते वाक्य आठवलं की पोटातच दुखतं.

मामांना तू कधीच सांगितलं नाहीस, कारण ते चिडवायचे. रोज जेवताना त्यांचा ओळखायचा खेळ चालायचा. "आज मीठ मागितलं न्हाईस. मीठ हाय." तू गप्प. "न्हवं? मग बोलायचं न्हाई, हा हाय." तू गप्पच. "व्हय, हाच. आज देव पावला मला." मग तुला हसू फुटायचं आणि मामा म्हणायचे, "ग्येला! आजचा ग्येला!" तीस वर्षांच्या संसारात मूल झालं नाही त्या घरात रोज एवढी थट्टा कुठून येते, याचं मला सुरुवातीला कोडं पडायचं. साताऱ्यात आमच्याकडे सगळं होतं आणि जेवताना फक्त वाटीचमच्यांचा आवाज यायचा.

आपला एक वाद राहिला. तो हळदीचा नव्हे. तो तूच जिंकली होतीस. जमिनीखालचं खायचं नाही म्हणता आणि हळद मात्र विकता, असं मी म्हणाले होते, आणि तू म्हणालीस, "हळद वाळली की सुटली. तू कवा वाळणार?" तो वाद नव्हे. दुसरा, आनंदाचा.

मी म्हणायचे, असा रोज सकाळी उठून सवयीने आणलेला आनंद खरा कसा? आनंद आपोआप यायला हवा. तू म्हणायचीस, "भूक आपुआप येती का? रोज येळंला बसलं की येती. मनाला बी तसंच येळंला बसवायचं." मी म्हणायचे, पण मग आतून वाईट वाटत असेल तर? तू म्हणायचीस, "वाटू दे की. त्याला कुणी हाकलंय? त्ये बी बसंल एका कडंला." मला हे पटायचं नाही. मला वाटायचं, तू वाईट वाटण्यावर गोधडी टाकतेस. तुझी गोधडी सुंदर होती, पण खाली काय आहे ते दिसत नव्हतं. हे मी तुला असं कधी म्हणाले नाही. माझ्या मनात वाक्य तयार व्हायचं, नीट, जोडून, आणि मग मी ते घडी घालून ठेवायचे.

खोटं नको बोलायला: मी बरी झाले ती त्याच गोधडीत. उजाडताना उठणं, स्वतःच्या हाताने अंगण झाडणं, दुपारी बांधावर दहा मिनिटं काहीही न करता बसणं आणि त्याला काम समजणं, दिवस असेपर्यंत जेवून घेणं. तुझ्याकडे यापलीकडे औषध नव्हतं. आणि पाणी. पाणी मला सगळ्यात उशिरा कळलं. घागरीच्या तोंडावर दुपदरी फडकं बांधून तू पाणी गाळायचीस, तोवर ठीक. पण मग ते फडकं उलटं करून, वर गाळलेलंच पाणी ओतून, विहिरीत परत धुवायचीस, आणि तेही वरून फेकून नाही, दोरीला तांब्या बांधून खाली पाण्यापर्यंत सोडून. मी विचारलं, "कशासाठी एवढं? दिसत तर काहीच नाही." तू म्हणालीस, "फडक्यात अडकल्यात ती. त्यांचं घर खाली हाय. आपण आणलं वर, आपणच पोचवायचं."

दिवा लावताना तुझं एक वाक्य ठरलेलं असायचं. आपल्यात वर्षातून एकदा सगळ्यांची क्षमा मागतात. तू रोज मागायचीस, एका माणसाची. वात सारखी करता करता म्हणायचीस, "आवं, दिसभरात काय चुकलं असंल तर सोडा." आणि मामा वर्तमानपत्रातून मान वर न काढता म्हणायचे, "सोडलं." तुझ्या तोंडून ते वाक्य इतक्या वेळा ऐकलं होतं की त्यात क्षमा आहे हे मी विसरूनच गेले होते. दारं लावून घ्या, तसं ते वाटायचं.

आता त्या चार महिन्यांकडे येते. टाळत होते.

आषाढात चातुर्मास बसला त्या सकाळी तू दगडावर बसलीस ती आधीच हसत. आदल्या दिवशी बस्तीत देवासमोर बायका जमल्या होत्या आणि तासभर गुडघे, कंबर, पित्त आणि सुनांशिवाय दुसरं बोलणं नव्हतं. "लय कट्टाळा आला गं. जिला बोलतं करावं ती दुखणंच काढती. मी ठरिवलंय. ह्या चार म्हैन्यांत आपल्या दुखण्याचं एक आक्षर तोंडातनं काढायचं न्हाई."

"रोजचा नियम चार महिने?"

"चातुर्मासाला मोठा नको व्हय? बग, किती गंमत येती."

मला तो सगळ्यात छान नियम वाटला होता, अक्का. मी मनात म्हटलंही, हा मीही घ्यावा. मग वाटलं, मला घ्यायची गरजच काय. मी तर बोलतच नाही.

श्रावणात तुझं जेवण कमी झालं. आधी चतकोर भाकरी उरायला लागली, मग अर्धी. मामांना त्यांच्या खेळासाठी मोठा ऐवज मिळाला. "कळलं! चार म्हैनं अर्धपोटी! वळखलं का न्हाई?" तू हसलीस, हो म्हणाली नाहीस, नाही म्हणाली नाहीस, तुमच्या खेळात तसंच असायचं. त्या दिवसापासून मामांनी तुला ताटावर आग्रह करणं सोडलं. दुसऱ्या कुणी केला तर म्हणायचे, "ऱ्हाऊ द्या, तिचा नियम हाय." तुझ्या नियमाची ते थट्टा करायचे, पण तो मोडू द्यायचे नाहीत.

ती भाकरी नियमाने उरत नव्हती, हे या घरात एकट्या मला माहीत होतं.

भाद्रपदात एकदा तू विहिरीच्या काठावर फडकं हातात घेऊन बसलीस ती उठलीच नाहीस. मी जवळ आले. तुझा डावा हात पोटावर होता आणि ओठ पांढरे झाले होते.

"दुखतंय का?"

तू डोळे मिटूनच म्हणालीस, "मडम. नियम."

"अक्का, हा वेडेपणा आहे."

"आसू दे. दिवाळीपतूरच तर हाय." मग डोळे उघडलेस. "तू बोलणार न्हाईस न्हवं कुणाजवळ?"

"नाही."

मी तुझ्या हातातून फडकं घेतलं, विहिरीत धुतलं, पिळून दोरीवर टाकलं. मला काय वाटत होतं ते लिहिणं अवघड आहे, पण आज तेच लिहायचं आहे. मला भीती वाटत होती. आणि अभिमान वाटत होता. आठ वर्षं शाळेत मला एकच गोष्ट नीट जमली होती: दुसऱ्याच्या खासगी गोष्टीत डोकवायचं नाही आणि आपली दाखवायची नाही. त्या गुणाची कुणालातरी एवढी गरज पडली होती. लुगडं तू दर आठ दिवसांनी आणखी आवळून नेसत होतीस, ते मी बघत होते. सगळं बघत होते. बघण्यात मी कधीच कमी पडले नाही.

दिवाळी झाली. चातुर्मास सुटल्यावर दुसऱ्या सकाळी तू दगडावर येऊन बसलीस. केस ओले नव्हते. अंघोळ झालीच नव्हती.

"सुटला नियम," म्हणालीस. "आता सांगते. लय दुखतंय गं."

तुझ्या तोंडून ते ऐकून मी पायरीवरून उठले ती थेट मामांकडे पळाले. मी पळू शकते, हे मला त्या दिवशी कळलं. ते दोन महिने आधीही कळू शकलं असतं.

सांगलीच्या दवाखान्याबद्दल मी लिहिणार नाही. पोटात गाठ आहे, ती काढायला हवी, पण अंगात ताकद नाही, ऑपरेशन कसं करू, असं डॉक्टर म्हणाले. मामांनी एकच शब्द धरला. ताकद. शेवटच्या आठवड्यातल्या एका सकाळी मी तुला विचारलं होतं, "आज काय नियम, अक्का?" तू म्हणालीस, "आज तू सांग." माझ्याजवळ होता. मी तुला सांगणार होते की आज मी मामांना सगळं सांगते. पण तू दमलेली दिसलीस, नर्स आली, चादर बदलायची होती. मी म्हणाले, "उद्या सांगते." तू मान हलवलीस.

तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी सोप्यात सगळे बसले होते. बाबा, भाऊबंद, शेजारचे. मामा माझ्याकडे वळले. तीन दिवसांत ते पहिल्यांदाच बोलत होते.

"पोरी, तुला सांगायची ती. आता सांगाय हरकत न्हाई. जेवणाचाच हुता न्हवं नियम?"

एवढे सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, "हो."

एका अक्षराचं काम होतं. मामांनी मान डोलावली, हळूहळू, बराच वेळ. मग म्हणाले, "म्हंजे उपासानं ताकद ग्येली. देवाच्या नावानं अर्धपोटी ऱ्हायली आन मी बगत बसलो. आग्रह करणाऱ्याला बी मीच आडीवलं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी घागरीवरचं फडकं सोडून चुलीत घातलं. बस्तीत जाणं थांबवलं. दिवस मावळून अंधार पडल्यावर जेवायला बसायला लागले, मुद्दाम, दाराकडे पाठ करून. बाबा समजावायला गेले, तर म्हणाले, "भूपाल, ह्या घरात आता नियम हे नाव काढू नगंस. नियमानं माजी बायकू खाल्ली." मी स्वयंपाकघरात उभी होते. तू पंधरा-सोळाव्या वर्षापासून या घरात जे जे लावलं होतंस ते एकेक उपटलं जात होतं, आणि ते माझ्या एका 'हो'मुळे. नियम जेवणाचा होता असं त्यांना वाटत होतं तोवर ते तुझ्या देवावर रागावणार होते, स्वतःवर रागावणार होते. माझ्यावर नाही.

चौदा दिवस मी ते तसंच चालू दिलं. हे तुला माहीत असायला हवं. मी रोज ठरवायचे आणि रोज घडी घालून ठेवायचे.

मधल्या काळात मी तुझ्यावर रागावलेही. अजून आहे. चार महिने न दुखण्याचं नाटक करणं हा आनंद नव्हता, अक्का. तू म्हणायचीस की वाईट वाटणंही एका कडेला बसू दे. मग दुखणं का नाही बसवलंस कडेला? त्यालाच तेवढं घराबाहेर का काढलंस? तू असतीस तर काहीतरी बोलून मला गप्प केलं असतंस. तू नाहीस, म्हणून हा वाद मी जिंकले. काय करू त्या जिंकण्याचं?

सोमवारी दुपारी भाकरी घेऊन रानात गेले. हळदीची पानं पिवळी पडून खाली बसली आहेत, काढणीला आली आहे. मामा बांधावर बसले होते, नेमके तुझ्या दहा मिनिटांच्या जागी. मी भाकरी ठेवली. उभ्या उभ्याच बोलले, कारण बसले असते तर बोलले नसते.

"मामा, नियम जेवणाचा नव्हता. मी खोटं बोलले."

त्यांनी वर बघितलं.

"दुखण्याचं बोलायचं नाही, असा होता. चार महिने. जेवण तिला जातच नव्हतं. मला माहीत होतं."

"कवापासनं?"

"श्रावणापासून."

 कुठेतरी मोटारपंप चालू होता, तो बंद झाला. मला वाटलं, ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते अगदी साध्या आवाजात म्हणाले, जसं काही त्यांना खरंच माहिती हवी होती:

"तिचा नियम हुता. तुझा कुटं हुता?"

  तुझा नियम मोडणार म्हणून मी गप्प बसले, असं मी स्वतःला इतके दिवस सांगत होते. पण तुझा नियम मी बोलल्याने मोडणारच नव्हता. दुखतंय असं तू म्हणायचं नव्हतंस. तिला दुखतंय असं मी म्हणायला कुणाची मनाई होती? मी गप्प बसले ती गप्प बसायची सवय होती म्हणून. सवयी नुसत्या तुझ्याच नव्हत्या या घरात.

मामा भाकरी तशीच ठेवून उठले आणि हळदीतून पलीकडे गेले.

त्या संध्याकाळी मी बॅग भरून ठेवली. सकाळच्या एस.टी.ने साताऱ्याला जावं असं वाटलं. मग दिवा लावायची वेळ झाली. मी वात सारखी केली आणि, माझा आवाज मलाच परका वाटला, म्हणाले, "मामा, माझं चुकलं. सोडा." मामांच्या हातात वर्तमानपत्र नव्हतं. ते उठून बाहेर गेले.

मंगळवारी सकाळी मी गेले नाही. पायरीवर बसले आणि तुझ्या दगडाला माझा नियम सांगितला. माझा पहिला स्वतःचा. तुझे सगळे सोडायचे होते. हा धरायचा आहे. रोज एक गोष्ट, जी मनात घडी घालून ठेवली असती, ती बोलायची. रोजचाच, एका उगवतीपासून दुसरीपर्यंत. चार महिन्यांचं मला आता नाव नको.

मंगळवारी संध्याकाळी परत म्हणाले, "सोडा." मामा बोलले नाहीत, पण बाहेरही गेले नाहीत.

बुधवारी दुपारी तुझ्या जुन्या लुगड्याचा एक पदर फाडून मामांनी त्याचं चौकोनी फडकं केलं. मला काही सांगितलं नाही. घागरीवर बांधलं, पाणी गाळलं, आणि मग फडकं हातात धरून उभे राहिले. पुढचं त्यांनी तीस वर्षांत कधी केलं नव्हतं. मी म्हणाले, "उलटं करा. वरून गाळलेलं पाणी ओता. आणि वरून टाकू नका, तांब्या खालपर्यंत सोडा." त्यांनी दोरी सोडली. तांब्या पाण्याला लागल्याचा आवाज आला. आम्ही दोघं वाकून बघत होतो. दिसत काहीच नव्हतं.

काल संध्याकाळी मी स्वयंपाक करून ओसरीवर आले. ऊन बांधापलीकडे गेलं होतं. दिवा अजून लावायचा होता. मामा दोन ताटं घेऊन बसले होते, दाराकडे तोंड करून. माझ्या मनात ते वाक्य तयार होतं आणि मी ते म्हणाले. तुझ्यासारखं सहज नाही जमत मला. अडखळतच म्हणाले, "मामा, माझं चुकलं ते सोडा."

सोडलं, असं ते म्हणाले नाहीत, अक्का. त्यांनी दुसरं ताट माझ्या बाजूला सरकवलं, भाकरी मोडून त्यातली मोठी अर्धी माझ्या ताटात टाकली, आणि मावळतीकडे बघून म्हणाले,

"जेवून घे. दिस बुडाय लागलाय."

मी नको म्हणाले नाही.